छिद्र न पाडितां

आम्हां दिग्रसकरांस खोल पाणी ठाऊक आहे तें अरुणावती धरणाचें. समुद्र फार दूर. परंतु माझ्या पुतण्यानें गोव्यांत शिडाची होडी घेतली आणि खोली मोजणाऱ्या ‘डेप्थ साउंडर’साठीं तिच्या तळास भोंक पाडणें त्याच्या जिवावर आलें. हें भय मला भित्रेपणाचें वाटत नाहीं. पाण्याखालच्या तळास आपल्या हातानें छिद्र कोण पाडील?

हें यंत्र ध्वनि सोडतें आणि प्रतिध्वनीच्या विलंबावरून खोली सांगतें. पाण्यांत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें १५०० मीटर. फायबरग्लासच्या भरीव तळांतून ध्वनि पार होतो, म्हणून सेन्सर आंतूनच चिकटवितां येतो. मधें हवेचा बुडबुडा मात्र राहतां कामा नये. ध्वनि तेथूनच माघारा फिरतो. लाकडाचा गाभा असलेल्या तळांत तर तो विरूनच जातो. दिलीप दोंदे ह्यांनीं २००९-१० सालीं जिच्यांतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यांतच बांधलेली ‘म्हादेई’ अशाच गाभ्याची.

पुतण्याची होडी भरीव निघाली. त्यानें पाण्यानें भरलेली पिशवी तळाशीं ठेवून तींत सेन्सर बुडविला, आणि बाहेर शिसें बांधलेली दोरी सोडली. होडीचें बूड पाण्यांत किती आहे तें हिशेबांत धरून दोन्ही मापें जुळलीं, तेव्हांच त्यानें इपॉक्सी कालविली.