शब्दापुढे गावाचं नाव

स्पॅनिश शिकायला घेतलं तेव्हा सुरुवात भाज्यांपासून केली. रोज हातात येणाऱ्या वस्तूंची नावं लवकर पाठ होतात. बटाटा म्हणजे 'पाताता', असं वहीत लिहिलं. आठवड्याभरात कळलं की हा शब्द स्पेनचा. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत बटाट्याला 'पापा' म्हणतात. मग 'बाताता' हा शब्द भेटला. घरचंच माणूस परमुलखात भेटावं तसा आनंद झाला, तर तो अर्जेंटिनात निघाला रताळं!

मुळात तो रताळ्याचाच. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा 'बाताता' म्हणजे रताळं, आणि अँडीजमधल्या केचुआ भाषेतला 'पापा' म्हणजे बटाटा. स्पेनमध्ये दोन्हींची सरमिसळ होऊन 'पाताता' झाला. पोर्तुगिजांनी रताळ्याचं नाव बटाट्याला दिलं आणि त्यांच्याकडूनच ते आपल्याकडे आलं. लासलगावला रोज कांद्याचा होतो तो 'लिलाव'ही पोर्तुगीजच. आणि आपण तरी कुठे एका नावावर आहोत? नाशिकचा बटाटा नागपूरला पोचेपर्यंत आलू होतो.

'ग्वाग्वा' म्हणजे क्युबात बस आणि चिलीत तान्हं मूल. विहिरीला स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी 'पोथो' म्हणतात, मेक्सिकोत 'पोसो'. लिहितात मात्र एकसारखंच. हा शब्द लिहिताना मला मनमाड आठवलं. बार्सिलोनाचे व्हिसेंते फेरर 1952 साली भारतात आले आणि मनमाड परिसरात शेतकऱ्यांसोबत विहिरी खोदायच्या कामात उतरले. 1968 साली त्यांना देश सोडायला सांगितलं, तेव्हा त्यांच्यासाठी हजारो शेतकरी मुंबईच्या दिशेने पायी निघाले. पुढे ते परतले आणि 2009 साली जाईपर्यंत आंध्रातल्या अनंतपूरला राहिले.

विहिरीवरून रहाटावर आले. रहाट म्हणजे 'नोरिआ', मूळ अरबी शब्द. स्पेनमध्ये जत्रेतल्या उंच पाळण्यालाही 'नोरिआ'च म्हणतात. हे वाचून मी वही मिटून बसले. नवरात्रात आमच्या कालिका देवीच्या यात्रेत दिवे लावून फिरतो तो रहाटपाळणा! दोन मुलखांतल्या माणसांनी भरून वर येणाऱ्या आणि रिकाम्या होऊन खाली जाणाऱ्या पोहऱ्यांकडे पाहिलं आणि दोघांना एकच गोष्ट सुचली. मेक्सिकोत मात्र तो 'नशिबाचं चाक' आहे आणि अर्जेंटिनात 'जगाची फेरी'.

माझी आजी बागलाणची. अहिराणी बोलायची. तिच्या तोंडचा 'आंडोर', म्हणजे मुलगा, मी शाळेत निबंधात लिहिला होता. बाईंनी खाली लाल रेघ ओढली आणि ते वाक्य वर्गात वाचून दाखवलं. मुलं हसली. त्यानंतर आजीचा शब्द मी घराबाहेर काढला नाही, आणि पुढेपुढे घरातही नाही. आजी गेली. तिचे कितीतरी शब्द तिच्याबरोबर गेले. आता आठवू म्हटलं तरी आठवत नाहीत.

स्पॅनिशमध्ये पोराला स्पेनात 'चावाल', मेक्सिकोत 'चामाको', अर्जेंटिनात 'पीबे' म्हणतात. कोशात तिन्ही आहेत. 'चामाको' आणि 'पीबे' यांच्यापुढे ते कुठे बोलतात तेही लिहिलेलं असतं. 2010 साली तर स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी एकत्र येऊन केवळ अमेरिका खंडातल्या शब्दांचा स्वतंत्र कोश काढला. एवढ्या मोठ्या भाषेला आपल्या लेकरांच्या बोलीची लाज वाटत नाही, हे पाहून मला भरून आलं. भाषा शिकवायची ती अशीच शिकवायला हवी, शब्दापुढे गाव लिहून.

तुमच्या घरात कुणी अजून अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलत असेल तर आजच एक वही घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. शब्द लिहा, अर्थ लिहा, पुढे गावाचं नाव लिहा. माझ्या स्पॅनिशच्या वहीत शेवटच्या पानापासून उलटी सुरुवात केली आहे. तिथली पहिली ओळ अशी: आंडोर, मुलगा, बागलाण.