शिंगांची चांदी

पोळा आठ दिवसांवर आला की बाजारच्या दिवशी आमच्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. कुणाला हिंगूळ पाहिजे, कुणाला बेगड, कुणाला चांदी. चांदी म्हणजे चंदेरी ऑइलपेंट, लोखंडी गेटाला मारतात तोच. चिटकुली डबी घ्यायची, कडुनिंबाच्या काडीनं ढवळायची आणि साळलेल्या शिंगांवर फासायची.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला. त्यामुळं माळेगावची जत्रा जवळ आणि कंधारची जनावरं ओळखीची. उदगीर-देवणीकडचा बैल पांढरा, अंगावर काळे पट्टे. कंधारकडचा लालकंधारी गर्द तांबडा. आण्णांचा हिशोब ठरलेला होता. देवणीच्या शिंगाला हिंगूळ शोभतो, लालकंधारीला चांदीच. “तांबड्यावर पुन्हा तांबडं फासून काय दिसायलंय?” म्हणायचे. आमच्या दावणीला कायम लालकंधारीच असल्यानं आमच्या घरात चांदी सोडून दुसरा रंग कधी आला नाही.

शेवटची जोडी 2015 साली गेली. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, हे साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच्या कितीतरी आधी गावोगावच्या दावणी मोकळ्या झाल्या होत्या, ते कोण दाखवणार? कडबा नाही, हौदात पाणी नाही. आण्णा बाजारातून रिकामा कासरा खांद्यावर टाकून आले, तो खुंटीला अडकवला आणि दोन दिवस गोठ्याकडं फिरकले नाहीत. नंतर पाऊस झाला, पण जोडी काही आली नाही. नांगरट ट्रॅक्टरवर गेली ती गेलीच.

बैल नाहीत म्हणून पोळा थोडाच राहतो! ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांनी मातीचे बैल पाटावर मांडून पुजायचे, ही रीत जुनीच. आजवर ती दुसऱ्यांची होती, आता आमची झाली. मायनं बाजारातून रंगवलेली जोडी आणली. अंग पांढरं, झूल गुलाबी, शिंगं, घुंगरं, खूर सगळं सोनेरी. आण्णांनी एक उचलून खालीवर पाहिला. “ही कुणाची जोडी हाय?” एवढंच म्हणाले आणि ठेवून दिला.

पुढच्या वर्षापासून मी कुंभाराकडून बिनरंगाची जोडी आणायला लागलो. लातूरहून दोन दिवस आधी गावी जायचं आणि ओट्यावर रंगवत बसायचं. तांबडा रंग चटकन जमला. गेरूत जरा काळा मिसळला की लालकंधारी उभा राहतो. खरा घोळ शिंगांचा. गेटाचा चंदेरी बोटाएवढ्या शिंगावर लावला तर वाळू चिकटल्यासारखा दिसतो. या रंगात ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. गेटाच्या दोन हात पत्र्यावर ते डोळ्याला दिसत नाहीत, एवढ्याशा शिंगावर एकेक मोजून घ्या. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या पोरांच्या चंदेरी बाटलीत बऱ्याचदा अभ्रकाची भुकटी असते. ती चमकते, पण दुधाळ. शिंपल्याला बरी, शिंगाला नाही.

लातूरच्या एका जुन्या पेंटवाल्यानं मला यातलं गुह्य सांगितलं. चांगल्या चंदेरीची भुकटी स्टिअरिक आम्लात घोळलेली असते, म्हणून तिचे कण दुधावरच्या सायीसारखे वर तरंगतात आणि कौलांसारखे एकावर एक बसतात. त्यामुळंच लखलखाट. तेलात मिसळून फार दिवस ठेवली की ते तरंगणं कमी होतं, म्हणून भुकटीचा लगदा आणि तेल दोन वेगळ्या डब्यांत विकतात. लागेल तेवढंच कालवायचं. “अन् कण बारीकच मागायचा,” तो म्हणाला.

तरी पहिल्या वर्षी शिंगं पांढुरकीच दिसली. आण्णा म्हणाले, “राखंवानी दिसायलीत रे.” मग मला बिदरी आठवली. 1956 पर्यंत आमचा अहमदपूर तालुका बिदर जिल्ह्यात होता, त्यामुळं जुन्या घरांतून बिदरीचा एखादा हुक्का नाहीतर पानदान निघतं. जस्त-तांब्याचं भांडं, बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर लावून काळंकुट्ट केलेलं, त्यात चांदीची तार. ती चांदी काळ्यामुळं उठते. तेच इथं केलं. कच्ची माती पाण्याच्या रंगानं उकलते, म्हणून आधी ऑइल प्रायमरचा पातळ हात. वाळल्यावर झिरो पेपरनं घासून गुळगुळीत, कारण चांदी एक ओरखडा लपवत नाही. मग काळा. तो पुरता वाळला की चांदीचे दोन पातळ हात, बुडातून टोकाकडं, पुन्हा मागं ब्रश न फिरवता. वरून वार्निश अजिबात नाही, सगळी झळाळी मरते. आणि चांदीचा ब्रश धुतलेल्या टर्पेंटाइनमध्ये दुसरा ब्रश बुडवला तर तांबड्या बैलाला चंदेरी देवी निघाल्याच म्हणून समजा.

आण्णा शेजारी बसून बघायचे. मी घुंगरांना चांदीचा ठिपका द्यायला गेलो तर हात धरला. “पितळाला चांदी लावतेत का कुठं?” खरंच होतं. घुंगरमाळ पितळेची, शेंब्या पितळेच्या. त्या सोनेरी. गाडीच्या चाकाची धाव मात्र लोखंडाची, तिला चांदीत काळा मिसळून मळकं केलं. ते त्यांना फार पसंत पडलं. “आता ही चाललेली गाडी वाटायली.”

दोन वर्षांमागं त्यांनी उजवीकडचा बैल डोळ्यांजवळ धरला, मोतीबिंदूमुळं त्यांना आता तसंच धरावं लागतं. “याचं डावं शिंग आतल्या अंगाला हुतं,” म्हणाले. माती तर भाजून पक्की झालेली. मी शिंगाच्या बाहेरच्या अंगाला चांदी थोडी कमी ठेवून काळं दिसू दिलं. लांबून ते आत वळल्यासारखं दिसायला लागलं. आण्णांनी त्यावर काही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी मारुतीपुढं मोजून चार जोड्या आल्या. आण्णा बघायला गेले नाहीत. पाटावरच्या जोडीला मायनं पुरणपोळीचा घास लावला, तेव्हा खुंटीवरचा कासरा काढून त्यांनी पाटाशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेजारचं पोरगं उरलेली चांदी मागायला आलं, ट्रॅक्टरच्या बंपरला मारायला. गेटाचा डबा त्याला देऊन टाकला. बारीक कणाची डबी आण्णांनी आधीच फडताळात आत सरकवून ठेवली होती.