एका लोहाराच्या पोरावरून

दिवाळीच्या दिवसांत घरात भांडण होऊ द्यायचे नाही, असा आमच्या आईने घालून दिलेला दंडक आहे. आई गेली, पण दंडक राहिला. धुऱ्यावरून, विहिरीच्या पाळीवरून, आंब्याच्या वाटणीवरून जे काय बोलायचे असेल ते वसुबारसेच्या आधी बोलून घ्यावे, नाही तर भाऊबीज उलटण्याची वाट पाहावी. मधल्या दिवसांत तोंडाला काम म्हणून चिवडा आहेच. गेल्या दिवाळीत हा दंडक मोडला. आणि गंमत अशी, की तो धुऱ्यावरून मोडला नाही. तो मोडला सहाशे वर्षांपूर्वीच्या बोहेमियातल्या एका लोहाराच्या पोरावरून.

आधी घरातली माणसे सांगतो. आम्ही तिघे भाऊ. थोरले पुण्याला गेले आणि तिकडचेच झाले. धाकट्याने गावची शेती सांभाळली. मी मधला, जन्मभर मुलांना मराठी शिकवून आता ओसरीवर बसलेला असतो. थोरल्यांचा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, धाकट्याचा मुलगा बापाबरोबर शेतात. आपली नावे छापून आलेली दोघांनाही आवडणार नाहीत, म्हणून एकाला पुणेकर म्हणतो आणि दुसऱ्याला उंद्रीकर. (उंद्री पुण्यालाही आहे. पुणेकर कोणाला ‘मी मूळचा उंद्रीचा’ म्हणाला, की समोरचा लगेच तिथल्या फ्लॅटचा भाव विचारतो. आमची उंद्री बुलढाणा जिल्ह्यातली, चिखली तालुक्यातली. इथे भाव विचारायचा तो सोयाबीनचा.)

पुणेकर येताना लॅपटॉप घेऊन येतो. धनत्रयोदशीच्या रात्री उंद्रीकराने तो टीव्हीला जोडला आणि त्यातून एक खेळ हुडकून काढला. ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ हे त्याचे नाव. प्राग शहरातल्या वॉरहॉर्स नावाच्या मंडळींनी २०१८ च्या फेब्रुवारीत तो बाजारात आणला. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ निघाला, त्याच्या घराण्यातला हा. या घराण्याच्या खेळांत आपण एखाद्याची भूमिका घ्यायची आणि त्याला हळूहळू वाढवत न्यायचे. आपल्या भाषेत याला सोंग घेणे असा सरळ शब्द आहे. बहुतेक खेळांतले सोंग भलतेच पराक्रमी असते. त्याला मंत्र येतात, राक्षस त्याच्यापुढे लोळतात.

या खेळातला हेन्री तसा नाही. साल १४०३. सिगिस्मुंड राजाच्या फौजेने स्कालित्झ हे गाव जाळले, हेन्रीचे आईबाप मारले गेले, आणि हा लोहाराचा पोर जीव घेऊन पळाला. (गाव जाळल्याची गोष्ट इतिहासातली आहे.) याला तलवार धरता येत नाही. वाटेत दोघे आडवे आले तर हा बहुधा मरतो. याला भूक लागते, झोप येते. पिशवीतले अन्न नासते आणि नासके खाल्ले तर प्रकृती बिघडते. कपडे मळके असले तर मोठी माणसे धड बोलत नाहीत. जादूचे नाव नाही.

हा खेळ आला तेव्हापासून खेळणाऱ्यांत त्याचे दोन पक्ष पडले आहेत. पहिल्या पंधरवड्यातच त्याच्या दहा लाख प्रती खपल्या, आणि त्याच पंधरवड्यात शिव्याही पोटभर मिळाल्या. काही शिव्या रास्त होत्या. काम अर्धेकच्चे असताना खेळ बाहेर आला होता. पण खरा वाद होता तो खुणेचा. इतर खेळांत वाटेल तिथे ‘इथवर झाले’ अशी खूण करून ठेवता येते. मेलात तर खुणेपासून पुढे. इथे खूण राहते ती आपल्या बिछान्यात झोपल्यावर, किंवा गोष्टीतल्या ठरावीक टप्प्यांवर. आणि एरवी हवी असेल तर एक खास दारू प्यावी लागते. लोकांनी ओरडा केला तेव्हा खेळ बंद करून उठताना खूण राहील एवढी सोय पुढे झाली. मेलेल्याला तिचा उपयोग नाही.

माझा धाकटा भाऊ माळकरी. ‘दारू प्याल्याशिवाय खूण राहत नाही’ हे वाक्य त्याने देवघरातून ऐकले आणि तो जपमाळ हातात घेऊनच बाहेर आला. “मले त उलटंच माहीत होतं,” तो म्हणाला. “पेल्यावर माणसाले कायची खूण राह्यते?”

सूनबाईला, म्हणजे उंद्रीकराच्या बायकोला, लढाईत आणि गोष्टीत काडीचा रस नव्हता. तिला त्या खेळातली औषधांची खोली आवडली. तिथे तिकडच्या जातीचा झेंडू आणि एक खाजरी वनस्पती घेऊन काढा करता येतो. पाणी उकळायचे, वाळूच्या घड्याळाने वेळ मोजायचा, काही खलायचे, काही तसेच टाकायचे. जरा चुकले की काढा बिघडला. चकल्या तळून झाल्यावर ती यायची, हेन्रीला रानात नेऊन फुले तोडायची, दोन बाटल्या काढा करायची आणि झोपायला जायची. तिने एकदाही कोणाला मारले नाही. आपण खेळ खेळतो आहोत असेही तिला वाटत नसावे.

मी आपला एका कडेला बसून पाहत होतो आणि मला आमच्या भातुकलीची आठवण येत होती. माझ्या बहिणीला चुरमुऱ्यांचा भात चालत नसे. तिला तीन दगडांची खरी चूल, खरी काटकी आणि खरा धूर लागे. शेजारची तिची मैत्रीण म्हणे, नुसते ‘झाला भात’ म्हण ना! दोघींचे रोज बिनसायचे आणि मी दोघींना वेड्या म्हणत असे. फार वर्षांनी माझ्या ध्यानात आले, की बहीण शेंडेफळ, तिला घरात कोणी चुलीजवळ येऊ देत नसे. आणि मैत्रिणीची आई अंथरुणाला खिळलेली, त्या पोरीला चुलीपासून कोणी उठू देत नसे.

हाच हिशेब मी पुतण्यांना लावला. पुणेकर थंड खोलीत खुर्चीवर बसून काम करणारा, त्याला या लोहारपोराच्या कष्टांचे अप्रूप वाटेल. उंद्रीकर वीज रात्रीची असली की रात्री दोनला उठून ओलिताला जाणारा. तो म्हणेल, माझी झोप मला पुरत नाही, याची कुठे सांभाळू? मास्तरांचे हिशेब फळ्यावर बरोबर येतात. घडले नेमके उलटे.

पुणेकराने तो खेळ वर्षापूर्वी विकत घेतला होता आणि पाच-सहा तासांत सोडून दिला होता. “काका, मला रात्री अकरा ते बारा एवढाच वेळ मिळतो,” तो मला म्हणाला. “दिवसभर दुसऱ्याच्या अटी पाळायच्या. ते पूर्ण करा, हे पुन्हा करा. रात्रीच्या त्या एका तासात काहीतरी पूर्ण झालेलं बघायचं असतं. तर हा पोर वाटेत चोरांकडून मरतो आणि माझा तास गेला. खूण नाही. दुसऱ्या दिवशी परत तिथूनच.” त्याच्या आवाजात तक्रार होती तशी थोडी लाजही होती, जणू आपण एवढ्याशा गोष्टीने रडकुंडीला येतो हे त्यालाच पटत नव्हते.

आणि उंद्रीकर? तो रमला. मार खाऊन रमला. “याले तलवार धरता येत नाही म्हणून हा मार खाते. बरोबरच आहे. मले पह्यल्या दिवशी ट्रॅक्टर आला का?” पडद्यावरचा तो शिकवणारा सरदार हेन्रीला पुन्हा पुन्हा लाकडी तलवारीने बडवी, आणि हा पुन्हा पुन्हा उभा राही. त्याला मी विचारले, अरे, दिवसभर तेच करतोस, वर हे कशाला? तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “मोठे बाबा, इथं मेहनत केली का ते दिसते. जेवढी केली तेवढी वाढते. वावरात तसं नाही ना. सोयाबीन सोंगून ठेवलं अन् वरून पाणी पडलं, झालं.”

या उत्तराने माझी भातुकली अपुरी पडली. त्याला कष्टांचा कंटाळा नव्हता आणि अप्रूपही नव्हते. केलेल्या कष्टांचा हिशेब कोणीतरी चोख ठेवतो आहे, एवढेच त्याला तिथे मिळत होते.

भांडण झाले ते लक्ष्मीपूजनाच्या रात्री. फटाके उडवून सगळे आत आले, आणि पुणेकर हसत हसत म्हणाला, “हा खेळ नाही, शिक्षा आहे. पैसे आपण द्यायचे आणि वर याची चाकरीही आपणच करायची!” उंद्रीकर नुकताच चोरांना चुकवून एक पूल ओलांडत होता. मान न वळवता तो म्हणाला, “तुले सारं आयतंच लागते.”

शब्द खेळाबद्दलच होता. पण आमच्या घरात संक्रांतीच्या सुमारास तुरीच्या डाळीचे एक पोते आणि उन्हाळ्यात गव्हाची चार पोती पुण्याला जातात. कधी त्यांचा हिशेब झाला नाही, कोणी मागितला नाही. थोरल्या वहिनी पणतीत तेल घालत होत्या, त्यांचा हात थांबला. पुणेकर म्हणाला, “पोत्यांचे किती होतात ते सांग. उद्याच पाठवतो.” उंद्रीकराने खेळ बंद केला. भाऊ देवघरात गेला. त्या रात्री लक्ष्मीसमोरच्या लाह्या-बत्ताशांना कोणी हात लावला नाही.

पाडव्याला दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. दुपारी पुणेकर माडीवर झोपला होता आणि उंद्रीकर खाली एकटाच खेळत होता. मी जवळ जाऊन बसलो. कुठल्याशा घरात हेन्रीला एक पुस्तक सापडले. त्याने ते उघडले. पानावर ओळी होत्या, पण शब्द लागेना. अक्षरे ओळखीची, मात्र सगळी उलटसुलट पडलेली. मला वाटले पडदा बिघडला.

“बिघडला नाही, मोठे बाबा. त्याले वाचता येत नाही.”

मला एकदम काही बोलता आले नाही. तीस-बत्तीस वर्षे मी मुलांना वाचायला शिकवले. पण वाचता न येणाऱ्याला पान कसे दिसते ते मी कधी पाहिले नव्हते. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती. चिखलीच्या स्टँडवर ती प्रत्येक गाडीशी जाऊन कंडक्टरला विचारायची, “उंद्रीले जाते का, भाऊ?” मी नवा नवा मास्तर. एकदा चार ओळखीची माणसे होती म्हणून मी तिच्यावर खेकसलो, “पाटीवर लिहिलंय ना!” तिने पाटीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग पदर सारखा करून माझ्या मागे गाडीत चढली. त्यानंतर माझ्याबरोबर असताना तिने कधी कोणाला गाडी विचारली नाही. मी चढलो की चढायची.

हे मी उंद्रीकराला सांगितले. इतक्या वर्षांत कोणालाच सांगितले नव्हते. सांगून वर पाहिले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पुणेकर उभा होता.

“मला हे माहीतच नव्हतं,” तो म्हणाला. आजीचे म्हणतो आहे की खेळातले, ते मला कळले नाही. “मी तिथपर्यंत पोहोचलोच नाही. पुढे येतं का त्याला वाचता?”

“उझित्झले एक लेखनिक आहे. त्याच्यापाशी शिकाव लागते,” उंद्रीकर म्हणाला. “येळ लागते.”

‘वेळ’ हा शब्द ऐकून मी जरा धास्तावलो. पण पुणेकर येऊन शेजारी बसला. उंद्रीकर सरकला, अगदी थोडा. पोत्यांविषयी कोणी काही बोलले नाही. अजूनही बोललेले नाही, आणि तो शब्द कोणाच्या मनातून गेला असेल असे मला वाटत नाही. भाऊबिजेपर्यंत हेन्री लेखनिकाकडे जायचा होता तो राहूनच गेला; मधल्या वेळात सूनबाईने त्याला फुले तोडायला नेले होते.

लॅपटॉप पुण्याला गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत त्या खेळाचा दुसरा भागही आला, तो आमच्यापैकी कोणी पाहिलेला नाही. उंद्रीकर मात्र फोनवर पीकपाण्याचे बोलून झाले की न चुकता विचारतो, “लोहाराचा पोरगा कुठवर आला?” पुणेकराचे उत्तर ठरलेले : वेळ नाही झाला. मध्यंतरी एकदा मीच फोन घेतला, तेव्हा जरा वेगळे उत्तर आले.

“त्याला सांगा, काका, काल रात्री उघडला होता. पण थकलो होतो. म्हणून त्याला पाणचक्कीवर नेलं, जेवू घातलं आणि बिछान्यात झोपवलं. बास. खूण राहिली असेल.”