न विचारता मिळालेले पाणी

रोमहून परतलेल्या धर्मगुरूला लोक प्रथम विचारतात ते संत पेत्राच्या महामंदिराविषयी. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे आणि माझ्याहून चांगले लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते रोमच्या रस्त्यांवरील नळांविषयी.

२००३ च्या सप्टेंबरात मी उच्च शिक्षणासाठी तेथे गेलो. माझ्या डोळ्यांना सवय होती ती बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरची: काळी जमीन, कापूस, मेहकर-लोणारच्या एसट्या आणि उन्हाळ्यात हंड्यांची रांग. रोममध्ये सारेच नव्याने शिकावे लागले. बसमध्ये कंडक्टर नसतो. तिकीट तंबाखूच्या दुकानातून घ्यायचे आणि बसमधल्या यंत्रात स्वतःच छापून घ्यायचे. त्या काळी एका युरोचे तिकीट ७५ मिनिटे चाले. कॉफी उभ्यानेच प्यायची. टेबलाशी बसलात की तीच कॉफी महाग. बाजारात फळाला हात लावायचा नाही, विक्रेता देईल ते घ्यायचे. आमच्या आठवडी बाजारात वांगे दाबून न पाहणाऱ्याला खुळ्यात काढतील!

हे सारे महिनाभरात अंगवळणी पडले. नळाचे नवल मात्र ओसरले नाही. रोमकर त्याला ‘नाझोने’, म्हणजे मोठे नाक म्हणतात. ओतीव लोखंडाचा छातीएवढा खांब, त्याला बाकदार तोटी, आणि तोटी बंद करायला चावीच नाही. १८७४ पासून हे नळ बसविले गेले; शहरात ते सुमारे अडीच हजार आहेत. पाणी रात्रंदिवस वाहते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून कारंजे उडते. लोणारच्या गोमुखातील बारमाही धार मी लहानपणापासून पाहिली होती, पण ती निसर्गाची. ही माणसांनी माणसांसाठी ठेवलेली. (पाणी वाया जाते ही टीका तेथेही होते, २०१७ च्या दुष्काळात बरेच नळ बंद करावे लागले.)

माझ्या वडिलांच्या बालपणी आमच्या भागातील पाणवठ्यावर आधी ‘कोणाचा रे?’ हा प्रश्न येई, मग पाणी. तेही वरून. ओंजळ धरून वाकायचे, देणारा उंचावरून धार सोडी, भांड्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे वडिलांनी आम्हा भावंडांना शंभरदा सांगितले होते. स्वतःची ओंजळ त्यांनी एकदाच सांगितली.

रोममध्ये पहिल्यांदा नळाखाली वाकलो तेव्हा ती मला आठवली. तेच वाकणे, तीच ओंजळ. समोर कोणी उभे नव्हते.

परंतु न विचारणे ही त्या नगराची सवय नळापाशीच संपत नाही. आमच्या इमारतीच्या जिन्यावर रोज भेटणारे एक वृद्ध गृहस्थ ‘बुओन्जोर्नो’ म्हणत आणि दार लावून घेत. तीन वर्षांत त्यांनी माझे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. इकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस मेहकर येईपर्यंत आपल्या बहिणी कोठे दिल्या तेही काढून घेतो. या चौकशीचा जाच ज्याच्या घराण्याने भोगला, त्यालाही तिची भूक लागावी याचे मला आश्चर्य वाटे.

ती भूक भागविली एका परक्या बाईने. तेथील एकाकी वृद्धांची सेवा करायला युक्रेन, पेरू, फिलिपिन्स येथील स्त्रिया त्यांच्या घरी राहतात. पुष्कळजणींना गुरुवारची दुपार आणि रविवार मोकळा असतो. अशाच एका गुरुवारी नळावर बाटली भरणाऱ्या युक्रेनच्या बाईने मोडक्या इटालियनमध्ये विचारले, “कुठले तुम्ही?” मी भारत म्हणालो. “भारत मोठा आहे. गाव कोणते?” मी सांगितले. तिला ते नीट उच्चारता येईना. तिने दोनदा प्रयत्न केला.

२००६ साली परतल्यावर वडिलांना सारे वर्णन करून सांगितले. महामंदिर, पोपमहोदय, विद्यापीठ हे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. नळाशी मात्र मला थांबविले.

“अन् कोनीच इचारत नाही?”

“नाही, बाबा.”

“रातीबी चालूच राह्यते?”

“हो.”

थोडा वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला.