तिसरा गिअर

तर झालं असं, की माझ्या २००२ च्या शेवरले कॅमॅरोच्या ५.७ लिटर इंजिनात मी हौसेने तगडा कॅमशाफ्ट बसवला. ताकद वाढली, स्वारी खूश! गिअरबॉक्सचा विचारच केला नाही. सर्व्हर नवा आणि डेटाबेस जुनाच, असला प्रकार ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने केला असता तर मी त्याची पार शाळा घेतली असती.

मग एका शनिवारी हायवेला लागताना, शेजारी बायको, मागे अगडबंब ट्रक, आणि तिसरा गिअर पकडेचना. इंजिन नुसतं बोंबलतंय, वेग काही वाढत नाही. कशीबशी गाडी कडेला घेतली. बायको एक शब्द बोलली नाही. (हे जास्त वाईट असतं.)

उघडून पाहिलं तर तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लचच्या चकत्या काळ्याठिक्कर. ऑटोमॅटिकमध्ये या चकत्या तेलाच्या दाबाने आवळल्या जातात. टॉर्क वाढवला आणि दाब तेवढाच ठेवला की त्या घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की जळतात. दोष गिअरबॉक्सचा नाही, माझा.

मित्र म्हणाला, "४एल६०-ई काढ आणि ४एल८०-ई टाक, कटकट मिटेल." बॉक्स दणकट आहे खरा. पण तो वजनदार आणि लांबही. म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट आखूड करा, खालचा क्रॉसमेंबर बदला, कॉम्प्युटरचं ट्यूनिंग नव्याने करा. शिवाय पहिला गिअर ३.०६ ऐवजी २.४८, म्हणजे सिग्नलवरून सुटतानाची उसळी कमी. मला काही रोज ड्रॅग रेस लावायची नव्हती.

शेवटी जुनाच बॉक्स नीट बांधून घेतला. त्या पॅकमध्ये चांगल्या प्रतीच्या जास्त चकत्या, दाब वाढवायला शिफ्ट किट आणि बाहेरून मोठा ऑइल कूलर. जास्त स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर मात्र मोह आवरून टाळला. तो सुटताना इंजिनाला ताकदीच्या पट्ट्यात नेतो खरा, पण लॉक होईपर्यंत जास्त घसरतो, आणि घसरण म्हणजे पुन्हा उष्णताच. तेलाच्या तापमानाचा एक काटाही डॅशबोर्डवर लावला.

परवा त्याच चढणीवरून गेलो. बायकोने दाराचं हँडल घट्ट धरलेलं. तिसरा गिअर खटकन पडला, गाडी सुसाट निघाली, आणि तिने हँडल सोडलं.

"आता अजून काही टाकणार आहेस का इंजिनात?" तिने विचारलं.

मी काट्याकडे बघत "नाही" म्हणालो. असो. सध्या तरी नाही!