काढलेला माल

आई सोलापूरचं घर बंद करून आमच्याकडे इंदिरापुरमला राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. आत बाबांचे ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, मोडक्या रेडिओंतून काढलेल्या कॉइल आणि कथलाच्या तारेचं एक वेटोळं. "तुला लागेल," एवढंच ती म्हणाली. मी हसलो. 2020 चा नोव्हेंबर होता आणि मला हवा तो सुटा भाग दोन-तीन दिवसांत घरपोच येत असे.

आईला दमा आहे आणि पहाटे फिरायला जायची चाळीस वर्षांची सवय आहे. त्या पहिल्या हिवाळ्यात ती बाल्कनीत उभी राहून म्हणायची, "काय सुरेख धुकं पडलंय! सोलापुरात असं कधी बघायला मिळालं नाही." ते धुकं नव्हे, हे मी सांगून थकलो. मोबाईलवर जवळच्या मोजणी केंद्राचा आकडा दाखवला, तर म्हणाली, "ते तिकडचं. आपल्या सोसायटीत झाडं आहेत." तेव्हा ठरवलं, तिच्या खाटेशेजारी एक डबी ठेवायची. बाल्कनीतली हवा मोजून तिनं आकडा दाखवायचा आणि हवा वाईट असली की लाल दिवा लावायचा. तयार यंत्र विकत मिळत होतं. पण ते आणलं तर छंद कशाला म्हणायचं?

सूक्ष्म कण मोजणारा सेन्सर सहज मिळाला. त्यात एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा किरण त्या हवेतून जातो आणि कणांवरून विखुरणाऱ्या उजेडावरून त्यांचं प्रमाण काढलं जातं. ते वाचायला मायक्रोकंट्रोलर लागतो. मी एसटीएम32 घराण्यातला एफ103 निवडला. करंगळीच्या नखाएवढा काळा चौकोन, अठ्ठेचाळीस पाय, हौशी लोकांचा लाडका. त्याच्या मापानं सर्किट बोर्ड आखून दहा नग बनवून घेतले. चिप मात्र एकच मागवली. शंभर-दीडशेची वस्तू, ती कशाला साठवायची? फेब्रुवारीत मी घाईनं वीज उलटी जोडली आणि ती जळाली. दुसरी मागवायला गेलो, तर माल शिल्लक नव्हता.

मग एप्रिल आला. त्या दोन महिन्यांत दिल्लीत चिपचा विचार करायच्या मनःस्थितीत कुणीच नव्हतं, मीही नव्हतो. आई त्यातून सुखरूप राहिली, यापेक्षा अधिक काही मागायचं नव्हतं. जूनमध्ये बाजार उघडले, तोवर टंचाई साऱ्या जगाची झाली होती. 2020 च्या सुरुवातीला मोटार कंपन्यांनी आपल्या ऑर्डरी रद्द केल्या होत्या. घरकोंडीमुळे लॅपटॉपची मागणी वाढली आणि रिकामी झालेली जागा तिनं भरली. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळानं तिथले चिपचे कारखाने बंद पाडले, मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसासच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. सगळ्यात जास्त ओढ लागली ती जुन्या पद्धतीच्या, स्वस्त चिपांना, कारण त्यांच्यासाठी नवा कारखाना कोण उभारणार?

31 ऑगस्टला मारुती सुझुकीनं जाहीर केलं, की सप्टेंबरमध्ये हरियाणा आणि गुजरातमधल्या कारखान्यांतलं उत्पादन नेहमीच्या 40 टक्क्यांवर येईल. मानेसर आमच्यापासून दीड-दोन तासांवर. ऑक्टोबरमध्ये 2 जीबीच्या रास्पबेरी पाय 4 ची किंमत 35 डॉलरवरून 45 झाली, त्या उत्पादनाच्या इतिहासातली पहिली दरवाढ. एक चिप मागणारा माणूस या रांगेत कुठे उभा असेल, हे मला तेव्हा नीट समजलं. त्याचा राग मात्र आला नाही. माझ्यामुळे कुणाची पाळी चुकत नव्हती.

दुसऱ्या वाटा होत्या, हे मान्य करायला हवं. रास्पबेरी पायचाच चार डॉलरचा पिको त्या जानेवारीत आला होता आणि मिळतही होता. पण दहा बोर्ड पैसे देऊन बनवलेले, प्रोग्रॅम लिहून तयार. हट्टाला पेटलो.

पहिल्यांदा फसलो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सातशे रुपयांना एक चिप घेतली. वर अक्षरं बरोबर, भिंगाखाली मात्र ती जरा जास्तच ठळक आणि ताजी दिसत होती. संगणकाला जोडून तिची ओळखखूण विचारली. अस्सल चिपची खूण एकानं सुरू होते, हिची दोननं झाली. म्हणजे नक्कल करणाऱ्यानं आतलं काम बऱ्यापैकी जमवलं होतं, फक्त नाव विचारलं तेव्हा ती खरं बोलली. सेन्सरचे आकडे ती तासभर वाचायची आणि मग गप्प व्हायची.

मग लजपत राय मार्केट गाठलं. मंडी हाउसला गाडी बदलून लाल किला स्टेशनवर उतरलं, की समोर किल्ला आणि रस्त्यापलीकडे फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी वसवलेला हा बाजार. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, तसा दिल्लीकरांना हा. अरुंद गल्ल्या, खणांच्या भिंती, गल्ल्यावर चहाचा ग्लास. तीन दुकानांत "नहीं है सरजी" ऐकलं. चौथ्या गाळ्यातल्या म्हाताऱ्या दुकानदारानं माझ्याकडे पाहून विचारलं, "नया ही चाहिए, या निकाला हुआ चलेगा?"

निकाला हुआ. काढलेला. त्यानं एका औषधाच्या बाटलीतून कागदावर पाच-सहा चिपा ओतल्या. पायांना जुन्या कथलाचा निस्तेज थर, एकीचा पाय किंचित वाकडा. साठ रुपयांना एक. मी तीन घेतल्या. घरी येऊन पाय साफ केले, बोर्डवर बसवून डाग दिला आणि ओळखखूण विचारली. एक. दुसरीचीही एक. तिसरी मेलेली होती. जुन्या यंत्रात वर्षं काढलेली चिप नव्या कोऱ्या दिसणाऱ्या चिपेपेक्षा भरवशाची निघाली.

हे कुठून येतं, असं पुढच्या खेपेला त्याला विचारलं. "सीलमपुर," तो म्हणाला. एका रविवारी मी गेलो. देशभरातले भंगार संगणक, टीव्ही, फोन जिथे सोडवले जातात त्या वस्तीत बोर्ड किलोवर विकले जातात, रद्दीसारखे. एका खोलीत विशी-पंचविशीचा मुलगा शेगडीवरच्या तव्यावर बोर्ड धरून बसला होता. कथील वितळलं, की बोर्ड उचलून कडेवर आपटायचा. चिपा जोंधळ्यासारख्या खाली पडायच्या. मग त्या निवडायच्या. पिवळट धूर दाराशी येऊन अडकत होता. दोन मिनिटांत माझा घसा धरला. त्याच्या तोंडावर रुमालही नव्हता.

तू या चिपांचं काय करतोस, असं त्यानंच मला विचारलं. मी सांगितलं, हवेत घाण किती आहे ते सांगणारं यंत्र. तो हसला. "हमें तो नाक बता देती है, भाई."

मला उत्तर सुचलं नाही. आमच्या घरी 'आहे त्यात भागवावं' हा मोठा गुण मानला जातो. बाबांनी तो डबा त्याच गुणावर भरला होता, आणि मीही नकली सोडून जुनी चिप वापरली म्हणून स्वतःवर खूश होतो. पण बाबा रेडिओ स्वतः उघडायचे, स्वतः भाग काढायचे. माझं भागवणं दुसऱ्याच्या छातीवर चाललं होतं. साठ रुपयांतले त्या मुलाला किती मिळत असतील, हे विचारायचा धीर झाला नाही.

डबी ऑक्टोबरअखेर तयार झाली. लाल दिवा आणि बझर चालवायला एक छोटा ट्रान्झिस्टर कमी पडला, तेव्हा बाबांचा डबा उघडला. बीसी547 मिळाला, त्यावर सीडीआयएलची खूण. ही कंपनी 1964 साली इथे दिल्लीतच सुरू झालेली. म्हणजे तो ट्रान्झिस्टर इथून सोलापूरला गेला, पत्र्याच्या डब्यात निजून राहिला आणि आईच्या सामानातून परत आला. जोडला तशी पहिल्या फटक्यात पेटला.

4 नोव्हेंबरला दिवाळी होती. रात्री अकराला डबीवरचा आकडा 999 वर जाऊन थांबला, कारण त्यापुढे सेन्सरला मोजता येत नाही. आई बराच वेळ त्या लाल दिव्याकडे पाहत बसली. पहाटे तिनं बाल्कनीचं दार उघडलं नाही. "धुकं" हा शब्द मी त्यानंतर तिच्या तोंडून ऐकला नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा याचा आनंद कमी झाला.

6 जानेवारी 2022 च्या पहाटे लजपत राय मार्केटला आग लागली आणि कितीतरी दुकानं जळाली. म्हाताऱ्याचा गाळा वाचला. पण महिनाभरानं गेलो तेव्हा मी काढलेला माल मागितला नाही. नवा बोर्ड पिकोवर आखला होता. जुनं काही लागलंच, तर आता स्वतःच काढतो: मोडलेला राउटर, सोसायटीत कुणी टाकलेला सेट-टॉप बॉक्स. गरम हवेची बंदूक, तोंडाला मास्क, बाल्कनीत खुर्ची. एका वेळी एक चिप, अर्धा तास. सीलमपुरच्या त्या मुलाचं यानं काही भलं होत नाही, हे मला कळतं. पण तो अर्धा तास किती लांब असतो, तेही कळतं.

परवा असंच काम चाललं होतं. आतून बझर वाजू लागला. आई डबी हातात घेऊन दाराशी आली. दिवा लाल होता.

"हे बाहेरचं की तुझं?" तिनं विचारलं.

मी बंदूक बंद केली.