विळीवरचा गंज

दिवाळीची आवराआवर निघाली, आणि यंदा माळ्यावरून आईची विळी खाली आली. आई जाऊन दोन पावसाळे झाले. पात्यावर तांबूस पापुद्रे चढले होते. ‘‘अहो, ही भंगारात द्यायची का?’’ सौभाग्यवतींनी विचारले. मी उत्तर न देता विळी हातात घेतली. बोटांना भुकटी लागली.

आईचा एक नेम होता. भाजी चिरून झाली की पाते पदराने पुसायचे आणि करडईच्या तेलाचे बोट त्यावरून फिरवायचे. शेवटच्या आजारपणात अंथरुणावरूनही ती म्हणे, ‘‘विळीला तेल लाव रे.’’ मी ‘हो’ म्हणे. लावले मात्र एकदाही नाही!

आम्ही मराठीचे मास्तर. रसायनशास्त्राशी आमचा संबंध सहकाऱ्यांबरोबरच्या चहापुरता. त्या चहात कळलेले एवढेच, की लोखंड गंजायला हवेतला प्राणवायू आणि ओलावा अशी दोघांची जोडी लागते. तेलाचे बोट या दोघांनाही बाहेर थोपवते. तांब्यालाही प्राणवायू सोडत नाही. पण तिथला थर घट्ट बसतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. गंज मात्र भुसभुशीत. तो गळतो, आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा उघडे पडते.

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परांड्याच्या किल्ल्यात एके काळी मुलूखमैदान तोफ होती. १५४९ साली अहमदनगरास तांबे आणि कथील यांच्या मिश्रणातून ती ओतली. १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. वजन सुमारे ५५ टन. पावणेपाचशे वर्षांनंतरही तिच्यावरचे लेख वाचता येतात. तिला कोणी रोज तेल लावत बसले नसेल. विळी बिचारी लोखंडाची!

त्याच संध्याकाळी मुलीने, वसुबारसेचीही वाट न पाहता, अंगणात फुलबाजी पेटवली. त्या ठिणग्या म्हणजे तापलेला लोखंडाचा कीस. बारुदातून सुटणारा आणि हवेतला प्राणवायू घेऊन तो जळत असतो. विळीवर दोन पावसाळे मुकाट्याने जे चालले होते, त्याचाच हा भाऊबंद. मुलगी टाळ्या पिटत होती. मी विळीकडे पाहत होतो.

सकाळी विटेची भुकटी घेऊन बसलो. तासाभराने पाते उजळले. बारीक खड्डे मात्र राहिलेच. गंजाबरोबर गळून गेलेले लोखंड परत कुठले यायला? तेलाचे बोट फिरवले. सौभाग्यवतींनी एक कांदा चिरून पाहिला.

‘‘चालतेय की,’’ त्या म्हणाल्या, आणि दुसरा कांदा घेतला.